गमतीदार लोकरी टोप्या विणताय? या चुका टाळा

दिवाळी आटोपली की लोकरीच्या दुकानांत गर्दी होते आणि पाठोपाठ माझ्याकडे अर्धवट विणलेल्या टोप्या यायला लागतात. अस्वलाच्या कानांच्या, बेडकाच्या डोळ्यांच्या, स्ट्रॉबेरीसारख्या लाल आणि वर हिरवा देठ असलेल्या. घरातल्या सगळ्यांना एकसारख्या टोप्या विणाव्यात, ही हौस मला मनापासून आवडते. निफाडच्या थंडीत सकाळच्या शाळेला निघालेलं पोर साधी कानटोपी भिरकावून देतं. तिलाच दोन कान लावले की स्वतःहून घालतं. पण नव्याने विणणाऱ्यांचं सगळं लक्ष त्या कानांवर, डोळ्यांवर असतं. ज्या डोक्यावर टोपी बसायची, त्याचं माप कोणी घेत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक टोप्या तिथेच फसलेल्या असतात.

नुसता नंबर बघून सुया घेणं

आपल्याकडच्या सुयांवर बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी. अमेरिकन नंबर बरोबर उलटे चालतात. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिमीची, १० नंबरची ६ मिमीची. यूट्यूबवर बघून विणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला नाताळच्या सुट्टीत मनालीला जायचं होतं. चौघांसाठी अस्वलाच्या टोप्या करायच्या होत्या. व्हिडिओ अमेरिकेतला, लोकर जाड सांगितलेली, सुई ८ नंबरची, टाके ८०. हिने दुकानातून आपली ८ नंबरची सुई आणली आणि घरात होती ती मध्यम जाडीची लोकर घेतली. मूळ हिशेबात १० सेंमीत १६ टाके बसत होते, म्हणजे ८० टाक्यांची टोपी ५० सेंमी घेराची. हिच्या विणीत १० सेंमीत २२ टाके बसले. टोपी झाली ३६ सेंमीची, जेमतेम तान्ह्या बाळाच्या डोक्याची. ती तिने वडिलांसाठी विणली होती! त्याहून वाईट म्हणजे एकही टोपी कोणाच्या डोक्यावर घालून न बघता तिने तीन पुऱ्या केल्या, कानसुद्धा शिवले. माझ्याकडे आली तेव्हा निघायला थोडेच दिवस उरले होते. "काकू, धुतल्यावर सैल होईल ना?"

नाही होत. ३६ सेंमीची टोपी ५८ सेंमीच्या डोक्यावर ओढली की टाके फाकतात, त्यातून वारा शिरतो आणि कपाळावर वळ उठतो. मी तिला तिन्ही उसवायला लावल्या. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण दुसरा इलाजच नव्हता. उसवलेल्या लोकरीच्या लडी केल्या, कोमट पाण्यात भिजवून टांगल्या म्हणजे दोरा पुन्हा सरळ होतो, आणि नव्याने टाके घातले. वेळेत दोनच टोप्या झाल्या. त्या मात्र नीट बसल्या.

म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर बघा. मी सुया मोजायची भोकांची पट्टी पिशवीतच ठेवते. आणि नमुन्याचा चौकोन विणल्याशिवाय टोपीचे टाके घालू देत नाही. तिशीच्या वर टाके, बारा-तेरा सेंमी उंची, मग धुऊन, वाळवून मधल्या १० सेंमीतले टाके मोजायचे. "त्यात वेळ जातो" हे वाक्य मला ऐकवत नाही. एका संध्याकाळचं काम आहे ते, आणि वाचतो तो अख्खा आठवडा.

पुढचा हिशेब सोपा. भुवयांच्या वरून आणि कानांच्या जरा वरून टेप फिरवून डोक्याचा घेर घ्या. बायकांचा साधारण ५५-५६ सेंमी भरतो, पुरुषांचा ५७-५८, वर्षाच्या बाळाचा ४६ च्या आसपास. मोठ्यांची टोपी त्याहून चार-पाच सेंमी कमी ठेवायची, म्हणजे ती धरून बसते. घेर ५५ असेल तर टोपी ५० ची. १० सेंमीत २२ टाके बसत असतील तर ११० टाके. मी ११२ घालते, कारण दोन सुलट-दोन उलटची पट्टी चारच्या पाढ्यात बसते आणि वर टोपी आवळताना आठ सारखे भाग पडतात. टोरांटोच्या भाच्याला पाठवायची असेल तर त्याच्या आईला डोक्याभोवती दोरा फिरवून तो पट्टीवर मोजायला सांगा. वयावरून अंदाज करू नका.

तान्ह्यांच्या टोपीला बटणाचे डोळे

इथे मी कोणाचंही ऐकत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या टोपीला बटण, मणी, चिकटवलेले हलते डोळे, काहीही नको. मूल ते तोडतं आणि तोंडात घालतं. "घट्ट शिवलंय" याला अर्थ नाही. लोकरीचा टाका ताणला की शिवण सैल होतेच. डोळे लोकरीनेच भरा, काळ्यावर पांढरा एक टाका घातला की नजर जिवंत दिसते. हनुवटीखाली बांधायच्या लांब नाड्याही नकोत, त्या गळ्याभोवती अडकतात. कान झाकायचे तर टोपीलाच कानपट्ट्या विणा. आणि आज्यांनो, रागावू नका, पण बाळ घरात झोपलेलं असताना टोपी काढून ठेवा. बाळं डोक्यावाटे बरीच उष्णता बाहेर टाकतात; डोकं झाकलं की अंग तापतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही हीच सूचना आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर डॉक्टर सांगतील तसं.

बाकीच्या, रोज दिसणाऱ्या

सुरुवातीचे टाके आवळून घालणं. टोपी मापाची असूनही डोक्यात जात नाही ती यामुळे. एक नंबर जाड सुईवर टाके घाला आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्या.

गोल सुईवर टाके जोडताना पीळ पडणं. हा नंतर सुटत नाही, उसवावंच लागतं. मी पहिल्या दोन ओळी सपाट विणते आणि मग गोल जोडते. राहिलेली फट सुरुवातीच्या दोऱ्याने शिवून टाकते. टोपीला ४० सेंमीची गोल सुई घ्या, लांब घेतलीत तर टाके पुरत नाहीत.

दोन रंगांची वीण असेल तर मागचा दोरा आवळला जातो आणि पट्टा आत ओढला जातो. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्या. मागे चार-पाच टाक्यांहून लांब दोरा मोकळा सोडू नका, मुलांची बोटं अडकतात.

कान टेबलावर शिवणं. टोपी डोक्यावर घाला, सेफ्टी पिनने कान लावा, समोरून आणि बाजूने बघा, मगच शिवा. कान एकपदरी, एक ओळ सुलट-एक ओळ उलट अशा विणीचा केलात तर तो गुंडाळतोच. दोन पदर करा किंवा सगळ्या ओळी सुलट विणा.

गोंडा लोकरीनेच बांधणं. आवळताना ती तुटते किंवा नंतर सैल होऊन गोंडा झडतो. दुहेरी जाड शिवणदोरा वापरा.

आणि अ‍ॅक्रिलिकच्या टोपीवर इस्त्री फिरवायची नाही. उष्णतेने वीण कायमची लुळी पडते, कान पुन्हा उभे राहत नाहीत. खरी लोकर असेल तर गरम पाणी आणि चोळणं टाळा, ती आटून घट्ट होते. धुतलेली टोपी टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि डोक्याच्या मापाच्या पातेल्यावर सावलीत वाळत घाला.