सरकारी जागेवर सभा, धरणे, मोर्चा : या चुका टाळा

जागा सरकारी आहे, म्हणजे जनतेचीच आहे, या समजुतीने धरण्याची तयारी सुरू होते आणि पहिली चूक तिथेच घडते. राज्यघटनेच्या कलम 19 ने भाषणाचे आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले असले, तरी प्रत्येक सरकारी आवारात ते सारखेच चालत नाही. रेल्वेच्या आवारातील कर्मचाऱ्यांच्या सभांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली निरंजन सिंग प्रकरणात स्पष्ट केले की, केवळ जागा सरकारच्या मालकीची आहे म्हणून तेथे सभा घेण्याचा मूलभूत हक्क मिळत नाही. त्यामुळे फलाट, रुग्णालयाचा व्हरांडा किंवा कार्यालयाचे दालन सभेसाठी गृहीत धरू नका.

याच्या उलट चूक मला अधिक घातक वाटते. रस्ता किंवा मैदान वापरू देणे ही पोलिसांची मेहेरबानी आहे असे मानून अनेक कार्यकर्ते तोंडी नकार ऐकताच परत फिरतात. अहमदाबादच्या हिंमतलाल शाह यांच्या प्रकरणात 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने, मुंबई पोलीस कायद्याखाली केलेला आणि परवानगी देण्या-नाकारण्याचा मोकाट अधिकार पोलिसांना देणारा नियम रद्द केला. सार्वजनिक रस्त्यांवरील सभांचे नियमन करता येते, पण त्या सरसकट बंद करता येत नाहीत, हे त्या निकालाचे सार आहे. तोच कायदा आज आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून लागू आहे. म्हणून अर्ज लेखीच द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या आणि नकार आला तर कारणांसह लेखी मागा.

‘जमावबंदी आहे’ एवढे ऐकून थांबू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(3) खालील आदेशाची प्रत मिळवून त्याची मुदत, हद्द आणि परवानगी घेतलेल्या सभांना दिलेली सूट वाचा. असा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही.

मात्र परवानगीचा किंवा हक्काचा अर्थ रस्ता बेमुदत अडवणे असा होत नाही. दिल्लीतील शाहीनबागेत रस्त्यावर चाललेल्या धरण्याच्या प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तसे बजावले आहे आणि ठरवून दिलेल्या जागीच आंदोलन करावे असेही म्हटले आहे. मुंबईत आझाद मैदानाचा राखीव भाग त्यासाठीच आहे.

पोलिसांची परवानगी म्हणजे सगळ्या परवानग्या नव्हेत. मैदान पालिकेचे असेल तर तिची मंजुरी वेगळी लागते, ध्वनिक्षेपकाची वेगळी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो साधारणपणे चालत नाही. सरकारी भिंतीवर घोषणा रंगवल्यास 1995 च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

अर्ज आदल्या दिवशी देऊ नका. नकार अन्यायकारक असेल तर राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात जाता येते, पण याचिकेला जोडायला पोच आणि नकाराचे पत्र हातात हवे आणि सभेच्या तारखेआधी सुनावणी होण्याइतके दिवसही शिल्लक हवेत.