जुन्या गाडीची वायरिंग: बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

चावी फिरवली आणि सेल्फने नुसतं ‘टक्’ केलं, की घरातले, शेजारचे आणि पार्किंगमधून सहज जाणारेसुद्धा एकच निदान करतात: बॅटरी गेली. कार्ब्युरेटरवाली मारुती 800, ओम्नी, पद्मिनी किंवा अँबॅसडर सांभाळणाऱ्यांनी या एका वाक्यापायी किती चांगल्या बॅटऱ्या भंगारात दिल्या असतील, कोण जाणे. खरं तर या गाड्यांची वायरिंग फार साधी असते. वीस-तीस पावसाळे खाल्ल्यावर त्यात जे बिघडतं, ते बहुतेक वेळा पार्ट नसून पार्टपर्यंत जाणारा सांधा असतो. सैल नट, हिरवं पडलेलं टर्मिनल, टेपखाली काळा झालेला जॉइंट. म्हणून सगळ्यात महागडी चूक म्हणजे काही न मोजता पार्ट बदलत सुटणं.

मोजायला साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर 12.6 व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसले तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे साधारण अर्धी, आणि 12च्या खाली असेल तर आधी पूर्ण चार्ज करा, मगच तिच्याबद्दल मत बनवा. डाऊन झालेली बॅटरी आणि खराब झालेली बॅटरी यांत फरक आहे. चार्ज केल्यावर कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटर बघा. आकडा 9.6च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. इंजिन थोडं रेस करून धरल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. 12.6च्या आसपासच रेंगाळला तर चार्जिंग होत नाही. आधी बेल्ट आणि अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) मागची वायर बघा. 15च्या वर गेला तर व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय, आणि बॅटरीतलं पाणी सारखं का आटतं याचं उत्तरही तेच.

आणि हो, मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात खोचलेली ठेवून व्होल्ट मोजायला जाऊ नका. तो थेट शॉर्ट होतो.

अर्थकडे दुर्लक्ष

बल्बकडे जाणारी वायर सगळे तपासतात, परतीचा रस्ता कुणी बघत नाही. गाडीत तो रस्ता, म्हणजेच अर्थ, हा बॉडी आणि इंजिनचा धातू असतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या जाड पट्ट्या, आणि प्रत्येक दिव्याजवळचा छोटा अर्थचा स्क्रू, हे जुन्या गाडीतले सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यात डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर स्क्रूखाली रंगाचा थर बसलेला असतो आणि रंगातून करंट जात नाही.

अर्थ गेल्याची लक्षणं चमत्कारिक असतात. इंडिकेटर दिला की टेल लॅम्पही लुकलुकतो. ब्रेक दाबला की मागचा दुसराच दिवा मिणमिणतो. करंटला परतायला वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. अशा वेळी बल्ब बदलून काही होत नाही. (इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर वाजत असेल तर मात्र बहुधा बल्बच गेलेला असतो.)

इथेच मल्टीमीटर फसवतो. दहा तारांतली एकच तार शाबूत असलेली वायरही मीटरवर 12 व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. म्हणून तपासणी लोड, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी, चालू ठेवून करायची. मीटरचा एक प्रोब (टोकाची सुई) बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सेल्फ मारायचा. 0.3 व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर तितके व्होल्ट त्या पट्टीतच वाया जातायत. प्रोब खांबावरच टेकवा, त्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही. कित्येकदा दोष त्या दोघांच्या मध्ये असतो. हीच तपासणी पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट अशीही करा, तिथे अर्धा व्होल्टपर्यंत चालतं. दोन्ही ठीक असूनही नुसतं टक् होत असेल, तर मग सेल्फमधल्या सोलेनॉइडची (चावी फिरवल्यावर करंट जोडणाऱ्या स्विचची) आणि कार्बन ब्रशची पाळी.

दुरुस्ती फुकटात होते. निगेटिव्ह आधी काढा, पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासा, नट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. कोकणातल्या आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत हे दर पावसाळ्याआधी करावं.

डायनॅमोच्या काळातली खोड

इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का ते बघायचं, ही चाचणी आजही काही गॅरेजांत चालते. डायनॅमोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या चार्जिंग यंत्राच्या, जमान्यात ती खपून जायची. अल्टरनेटर असलेल्या गाडीत वायर सुटताच व्होल्टेज उसळतं आणि डायोड (अल्टरनेटरची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग) किंवा रेग्युलेटर जळू शकतो. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाडीत तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. चार्जिंग होतंय की नाही, हेच यातून बघायचं असतं, आणि ते तर वर मीटरनेच मोजून झालं.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून 10 अँपिअरच्या जागी 20चा घालणं, किंवा तांब्याची तार गुंडाळणं, याबद्दल मला फार बोलायचं नाही. फ्यूज वायरला वाचवतो. मोठा घातला की फ्यूजऐवजी वायर जळते. त्याऐवजी उडालेल्या फ्यूजच्या दोन क्लिपांमध्ये 21 वॅटचा ब्रेकचा बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही. आता डॅशबोर्डखाली, दरवाजाच्या बिजागरीपाशी, डिकीच्या झाकणाजवळ वायरिंग हलवत जा. बल्ब जिथे मंदावला किंवा विझला, तिथेच वायर सोललेली किंवा उंदराने कुरतडलेली सापडेल.

हेडलाइट मिणमिणतात म्हणून 60/55 वॅटचे काढून 100/90 वॅटचे बल्ब बसवणं हाही तसलाच उद्योग. दोन्ही मिळून सोळा-सतरा अँपिअर त्या जुन्या स्विचमधून जातात आणि स्विच वितळतो. मूळ बल्ब ठेवून रिले (हेडलाइटचा जड करंट स्वतः पेलणारा स्विच) आणि जाड वायर टाका, उजेडातला फरक लगेच कळेल. आणि ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला नम्रपणे नाही म्हणा. पुढच्या बिघाडात त्या बिनफ्यूजच्या वायरीचा माग काढायला अख्खा दिवस जातो.

उभ्या गाडीत बॅटरी उतरते

डिकीतला 5 वॅटचा दिवा चालू राहिला तर दिवसाला सुमारे दहा अँपिअर-तास खातो. 35 अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत संपते. मीटर 10 अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह खांब आणि सोडलेली वायर यांच्यामध्ये लावा. त्या वेळी सेल्फ चुकूनही मारू नका. दरवाजे बंद असताना जुन्या गाडीत गाण्यांच्या टेपची मेमरी किंवा घड्याळ यांचे काही मिलिअँपिअरच दिसावेत. जास्त असतील तर एकेक फ्यूज काढत जा आणि आकडा कधी पडतो ते बघा. बाहेरून बसवलेला टेप, अलार्म, सेंट्रल लॉक यांच्यावर आधी संशय घ्या. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर निगेटिव्ह सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने झाका आणि पुन्हा मोजा. आता आकडा पडला तर डायोड गळतोय.