दुधातून अफ्लाटॉक्सिन पोटात किती जातं? कोल्हापुरात हा हिशेब कसा मांडायचा

प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की बहुतेक जण एवढंच बघतात, की आकडा मर्यादेत आहे ना. अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीतून येणारं विष, आणि दुधात उतरणाऱ्या त्याच्या रूपाला एम-१ म्हणतात. त्याची मर्यादा भारतात किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात ०.०५. पण ही मर्यादा दुधाची झाली. ते दूध कोण पितं, किती पितं आणि पिणाऱ्याचं वजन किती, यातलं काहीच अहवालात नसतं. कोल्हापुरात कुणी दिवसभरात चहापुरतं दूध घेतं, तर तालमीतला पैलवान लिटरच्या मापाने खुराक घेतो. दोघांची सरासरी काढली, तर ती दोघांपैकी एकालाही लागू पडत नाही.

सूत्र सोपं आहे. प्रत्येक पदार्थ रोज किती खाल्ला ते घ्या, त्याला त्या पदार्थातल्या दूषकाच्या प्रमाणाने गुणा, सगळ्यांची बेरीज करा आणि माणसाच्या वजनाने भागा. अडचण गुणाकारात कधीच येत नाही. आत जे आकडे घालायचे, तेच चुकलेले असतात.

आधी ढोबळ हिशेब

सर्वेक्षणाला माणसं पाठवण्याआधी सापडलेलं सगळ्यात जास्त प्रमाण घ्या आणि सगळ्यात जास्त पिणाऱ्याचं माप घ्या. एवढं ताणूनही उत्तर सुरक्षित येत असेल (सुरक्षित कशाला म्हणायचं ते खाली 'करून बघू' मध्ये आहे), तर पुढचा खर्च करू नका. तसं आलं नाही, तरच खालचं काम हाती घ्या.

कोण किती पितं

प्रत्येक माणसाला दोन वेगवेगळ्या दिवशी गाठून मागच्या २४ तासांचं खाणंपिणं विचारा. दोन दिवस लागोपाठचे नकोत आणि त्यातला एक उपवासाचा नको. बुधवार-रविवारचं मटणाचं ताट आणि सोमवारचा उपवास यांचे आकडे अगदी वेगळे येतात.

"दूध घेता का?" असं विचारू नका. "नाही हो, आता सोडलंय," असं उत्तर येतं आणि समोर चहाचा कप असतो. सकाळी उठल्यापासून क्रमाने विचारत जा: चहा किती वेळा, त्यात दूध किती, दही, ताक, लस्सी, पेढा, श्रीखंड. प्रश्न स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचारा. तीन वर्षांच्या पोराने काय खाल्लं हे बाहेर असलेल्या बापाला सांगता येत नाही.

मापाचं काम जागेवरच करा. ज्या पेल्यातून दूध पितात तोच मागून घ्या, रोजच्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि ते पाणी मोजपात्रात ओता. "एक पेला" म्हणजे एका घरात १५० मिली आणि शेजारच्या घरात ३०० मिली निघतो. इथे झालेली दुप्पट चूक पुढे कितीही महागडं यंत्र वापरलं तरी निघत नाही. वजनही काट्यावर घ्या, विचारून लिहू नका. लहान मुलांच्या बाबतीत तर एक किलोची चूकही भारी पडते.

मग सगळं दुधात बदला. दह्याला तेवढंच दूध धरा. एक किलो खव्याला म्हशीचं साधारण ५ लिटर दूध लागतं. दूध आटलं तरी अफ्लाटॉक्सिन उडून जात नाही, म्हणून पेढ्यातला खवा पाचपट मोजायचा. एम-१ दुधातल्या प्रथिनांना, म्हणजे केसीनला चिकटतं, त्यामुळे चक्का आणि पनीर यांच्यात ते जास्त राहतं आणि लोण्या-तुपात अगदी थोडं उतरतं. जमलं तर हे पदार्थ वेगळे तपासून घ्या. पांढऱ्या रश्शातलं दूध नारळाचं असतं, ते या बेरजेत धरू नका.

नमुना कुठून आणि कसा

प्रत्येक घराच्या नोंदीत दूध कुठलं हे लिहिलंच पाहिजे: पिशवीचं, गवळ्याच्या रतिबाचं, की गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढलेलं. पिशवीतलं दूध असंख्य जनावरांचं एकत्र असतं, त्यामुळे त्यातला आकडा दिवसागणिक फारसा हलत नाही. चार म्हशींच्या गोठ्यात मात्र पेंडीचं पोतं बदललं की दूधही बदलतं. सरकी, शेंगपेंड किंवा मक्याला बुरशी लागली की त्यातलं अफ्लाटॉक्सिन बी-१ जनावराच्या पोटात जातं आणि १२ ते २४ तासांत दुधात एम-१ होऊन उतरतं. साधारण १ ते २ टक्के उतरतं, जास्त दूध देणाऱ्या जनावरात ६ टक्क्यांपर्यंत. म्हणून पिशवीचे नमुने कमी चालतील, गोठ्याचे जास्त दिवसांचे घ्या. पावसाळ्यात पेंड दमट होते, गळीत हंगामात वैरणीत उसाचं वाडं येतं. निदान या दोन्ही काळांतले नमुने हवेतच.

नमुना घेण्याआधी कॅन तळापासून ढवळा. ५०० मिली दूध उजेड न लागणाऱ्या बाटलीत भरा, बर्फात ठेवा आणि तपासणीला वेळ असेल तर गोठवा. उकळल्याने एम-१ जात नाही, तेव्हा कच्चं दूध तपासलं तरी हिशेब चुकत नाही. फक्त आटीव दुधाचं माप कच्च्या दुधात बदलायला विसरू नका. चाळणीपुरती एलायझा ही झटपट चाचणी पुरते, मर्यादेच्या आसपासचे नमुने एचपीएलसी या जास्त अचूक यंत्रावर पक्के करून घ्या.

शेंगदाण्यातलंही अफ्लाटॉक्सिन मोजायचं झालं, तर नमुन्याचं हे प्रकरण फार अवघड आहे. बुरशी मोजक्याच दाण्यांत असते, पण त्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन प्रचंड असतं. पोत्याच्या तोंडातून काढलेले १०० ग्रॅम दाणे काहीच सांगत नाहीत. आंतरराष्ट्रीय पद्धतीत २० किलोचा नमुना पूर्ण दळून त्यातला भाग घेतात, त्याचं कारण हेच.

"आढळलं नाही" म्हणजे शून्य नव्हे

अहवालात असं लिहिलेलं असलं, तर उपकरण किती खालपर्यंत मोजतं हा आकडा मागून घ्या. असे नमुने ६० टक्के किंवा त्याहून कमी असतील, तर त्यांच्या जागी त्या आकड्याचा निम्मा धरतात. त्याहून जास्त असतील, तर सगळा हिशेब दोनदा करा, एकदा शून्य धरून आणि एकदा पूर्ण आकडा धरून, आणि दोन्ही उत्तरं छापा. एकच छापलं, तर आपल्याला हवं ते उत्तर निवडल्यासारखं होतं.

करून बघू

समजा, दुधात लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम निघालं, म्हणजे भारतीय मर्यादेचा पाचवा हिस्सा. आता तीन माणसं घ्या.

५५ किलोची बाई, दिवसभराच्या चहात १०० मिली दूध: १० नॅनोग्रॅम भागिले ५५, म्हणजे किलोमागे ०.१८ नॅनोग्रॅम.

९० किलोचा पैलवान, ३ लिटर दूध: ३०० भागिले ९०, म्हणजे ३.३.

१२ किलोचं मूल, ४०० मिली दूध: ४० भागिले १२, म्हणजे तेही ३.३.

दीड-दोन पेले पिणारं मूल आणि तालमीतला पैलवान एकाच रांगेत येतात. वजनाने भागलं नसतं, तर हे मूल कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

अफ्लाटॉक्सिन पेशीतल्या जनुकांना इजा करून कर्करोग घडवतं, म्हणून त्याची "रोज एवढं चालेल" अशी मात्रा ठरवलेली नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये बी-१ साठी किलोमागे रोज ४०० नॅनोग्रॅम हा संदर्भबिंदू, म्हणजे तुलनेसाठीची मात्रा, धरला आणि एम-१ ची ताकद त्याच्या दहाव्या हिश्शाची मानली. म्हणजे एम-१ साठी ४,०००. या आकड्याला पोटात गेलेल्या मात्रेने भागा. उत्तर १०,००० च्या वर आलं तर चिंता कमी, खाली आलं तर लक्ष घालायला हवं. बाईचं उत्तर साधारण २२,००० येतं, मूल आणि पैलवान यांचं जेमतेम १,२००. दूध मात्र तिघांचं एकच आहे आणि कायद्यातही बसणारं. थंडाईत बदाम असले तर त्यातलं बी-१ वेगळं मोजून मिळवा.

हमखास होणाऱ्या चुका

नॅनो आणि मायक्रोमध्ये हजारपटीचा घोळ होतो. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहा. हीच पद्धत तांदळातल्या आर्सेनिकला वापरताना कच्च्या तांदळाचा अहवाल आणि शिजलेल्या भाताचं वजन यांचा गुणाकार केला, तर उत्तर अडीच-तीन पट फुगतं. आणि ६० पेक्षा कमी माणसांवरून "सर्वाधिक पिणारे ५ टक्के" असा आकडा काढू नका, तो एकदोघांवरच उभा असतो. लहान मुलं आणि तालमीतली मंडळी यांचे गट पहिल्यापासून वेगळे ठेवा आणि दोन्हीत पुरेशी माणसं घ्या.

एखाद्या गोठ्याचा आकडा वर आला, तर आधी पेंडीचं पोतं उघडून बघा आणि तिचाही नमुना पाठवा. पेंड बदलल्यावर एम-१ साधारण ३-४ दिवसांत उतरतं. दुसरा नमुना पाचव्या दिवशीच्या धारेचा घ्या आणि त्या घरांचा हिशेब नव्या आकड्याने पुन्हा मांडा.