लकव्यानंतरची साधनं: माप कसं घ्यायचं, कुठे चुकतं

लकव्याचा झटका येऊन गेल्यावर घरात काठी, पट्टे, खुर्च्या असं बरंच काही जमा होतं आणि त्यातलं निम्मं माळ्यावर जातं. साधन खराब असतं असं नाही. ते पेशंटच्या मापाचं नसतं, नाहीतर चुकीच्या बाजूला लावलेलं असतं. खालची बहुतेक मापं शिंप्याचा टेप, पेन्सिल आणि दोन माणसं एवढ्यावर घेता येतात. कोणतं साधन घ्यायचं ते फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टनं ठरवायचं. घेतलेलं साधन नीट बसलंय की नाही हे रोज बघायचं काम मात्र घरच्यांचंच.

काठी

पेशंटला रोजच्या बुटांत सरळ उभं करा. एकानं अधू बाजूला उभं राहून कमरेच्या रुंद पट्ट्याला धरावं. बखोटीला धरून कधीही उचलू नका, त्यानं खांदा जातो. चांगला हात सैल खाली सोडायला सांगा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला जी आडवी घडी असते तिथून जमिनीपर्यंत टेप सोडा. एवढी मुठीची उंची. काठी टेकवून उभं राहिल्यावर कोपर 20 ते 30 अंश वाकलेलं दिसायला हवं. ॲल्युमिनियमच्या काठीला भोकं असतात, त्यातलं सर्वांत जवळचं निवडा. बटण ‘टक्’ करून पूर्ण बाहेर आलंय ना ते बोटानं चाचपा आणि खालची रिंग आवळा. काठी उंच झाली की खांदा कानाकडे चढतो आणि तिच्यावर भार पडतच नाही. बुटकी झाली की माणूस चांगल्या बाजूला कलतो आणि अधू पाय आणखीच फरफटतो.

काठी चांगल्या हातात. चार पायांची असेल तर तिच्या पायथ्याची एक बाजू जवळजवळ सरळ असते, दुसरीकडचे दोन पाय बाहेर फाकलेले असतात. सरळ बाजू माणसाच्या पायाकडे ठेवायची. उलटी धरली की दर चार पावलांमागे काठीलाच ठेच लागते. दुकानातून येते ती बहुधा उजव्या हातासाठी लावलेली असते. डाव्या हातासाठी बटण दाबून दांडा पायथ्यात फिरवून घ्या. चारही पाय एकदम टेकायला हवेत. घाईत मागचे दोनच टेकले की काठी झुलते, आणि तसं होत असेल तर त्या पेशंटला साधी काठी जास्त सुरक्षित.

चालण्याचा क्रम असा: काठी, अधू पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी वर. उतरताना काठी आणि अधू पाय आधी खाली. चांगल्या हाताला कठडा असेल तर काठी सोबतच्या माणसाकडे द्या आणि कठडा धरा. काठीच्या टोकाच्या रबरावरच्या रेघा पुसल्या की रबर बदला. त्याची किंमत अगदी किरकोळ, पण गुळगुळीत रबर ओल्या फरशीवर साबणासारखं सटकतं.

पायाचा पट्टा, म्हणजे एएफओ (अँकल-फूट ऑर्थोसिस)

पाऊल उचलताना पंजा लोंबतो आणि बोटं जमिनीला घासतात, त्यासाठी पोटरीमागून तळव्याखाली जाणारा पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा पट्टा देतात. पंजा नुसता लोंबत असेल तर पातळ, लवचिक पट्टा पुरतो. घोटा आत वळत असेल, पोटरी ताठ असेल तर जाड आणि घोट्याला दोन्हीकडून धरणारा लागतो, आणि तो पायाचा प्लास्टरचा साचा घेऊनच करायला हवा. दुकानातला स्मॉल-मीडियम-लार्ज अशा पायाला चालत नाही. टाच त्यात बसतच नाही आणि घोट्याचं हाड सोलवटतं.

घालायची पद्धत:

1. खुर्चीत बसवा, गुडघा काटकोनात वाकवा. पाय लांब केलेला असताना पोटरी ताठते आणि टाच खाली जात नाही. निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.
2. गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा घाला. एकही सुरकुती नको, शिवण बोटांवर नको.
3. टाच पट्ट्यात अगदी मागे, तळाशी टेकवा. आधी घोट्यावरचा बंद आवळा, मग पोटरीवरचा. उलट क्रमानं आवळलं की टाच वर उचललेलीच राहते.
4. मग बूट.

बूट त्या पायासाठी अर्धा ते एक नंबर मोठा घ्या, आतलं सोल काढता येणारं आणि पुढून बोटांपर्यंत उघडणारं. चपलेत पट्टा टिकत नाही. नुसता पट्टा घालून फरशीवर चालणं तर घसरगुंडीच. घरात बूट नको असं घरोघरी म्हटलं जातं, त्यावर साधा उपाय म्हणजे कधीच बाहेर न नेलेला एक जोड घरासाठी वेगळा ठेवणं.

एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. पट्टा ज्या बुटावर जुळवला त्याच्या टाचेची उंची महत्त्वाची असते. नंतर जास्त टाचेचा बूट घेतला तर नडगी पुढे झुकते आणि गुडघा अचानक दुमडतो. सपाट घेतला तर गुडघा मागे ढकलला जातो. ‘पट्टा बिघडला’ म्हणून परत आणतात, तेव्हा बूट बदललेला असतो.

पहिल्या दिवशी फक्त एक तास. मग रोज तासाभरानं वाढवा. काढल्यावर उजेडात बघा: टाच, घोट्याची दोन्ही हाडं, करंगळीच्या बाजूचं पायाचं हाड, गुडघ्याखालची बाहेरची गाठ. लाली 20 मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर पट्टा घालणं थांबवा आणि ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे असे पट्टे बनवणाऱ्याकडे न्या, तो हीट गननं ती जागा फुगवून देतो. आत कापूस कोंबू नका. जागा आणखी अरुंद होते आणि दाब वाढतो. अधू पायाला बधिरपणा असतो, त्यामुळे ‘दुखत नाही’ या उत्तरावर विसंबू नका. मधुमेह असेल तर त्याहून नाही. पट्टा कोमट पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, उन्हात उभ्या गाडीत विसरू नका.

खांदा

दाराला कप्पी टांगून चांगल्या हातानं अधू हात वर ओढायचा व्यायाम घरोघरी दिसतो. लकव्याच्या खांद्यासाठी तो टाळायचा असतो. खांद्याचा सांधा आधीच सैल झालेला असतो आणि फऱ्याच्या हाडाची साथ न मिळता हात वर गेला की आतले स्नायू चिमटतात. झोळी उभं राहताना आणि चालतानाच. दिवसभर हात झोळीत राहिला तर कोपर आखडतं. बसल्यावर हात मांडीवरच्या उशीवर किंवा खुर्चीला लावलेल्या फळीवर. रबरी चेंडू दाबत बसण्याचाही फार उपयोग नाही: बहुतेकांची बोटं मिटतात, अडतं ते उघडायला.

आरशाची पेटी

मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात, कापलेल्या हाताच्या भासमान वेदनेसाठी आरसा वापरला. लकव्याच्या हातावरचा पहिला छोटा प्रयोग 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. चांगल्या हाताचं प्रतिबिंब अधू हाताच्या जागी दिसतं आणि मेंदूला तो हात हलल्यासारखा वाटतो. हे साधन स्वस्तातलं, आणि काचवाल्याकडून एका दिवसात होतं.

आरसा 4 मिमी जाडीचा, 60 बाय 40 सेंमी. कोपरापासून बोटांपर्यंतचा हात मागे पूर्ण झाकला जायला हवा, म्हणून ही लांबी. कडा पॉलिश करून घ्या. मागे 6 मिमी प्लाय चिकटवा आणि त्याला 20 सेंमी रुंदीचे दोन त्रिकोणी पाय स्क्रूनं लावा. पातळ ॲक्रिलिकचा आरसा टाळा. तो किंचित वाकला तरी हात वेडावाकडा दिसतो आणि सगळा भास मोडतो.

आरसा टेबलावर, छातीच्या मधोमध, नाकाच्या रेषेत उभा. चकचकीत बाजू चांगल्या हाताकडे. अधू हात मागे उशीवर. बांगड्या, अंगठी, घड्याळ, मनगटावरचा धागा दोन्ही हातांचा काढा: आरशात बांगडी दिसली आणि आपल्या त्या हातात ती नाही हे ठाऊक असलं की मेंदू फसत नाही. धागा काढायला तयार नसतील तर दुसऱ्या हातालाही तसाच बांधा. मग नजर आरशावर ठेवून चांगला हात सावकाश हलवा: मूठ उघडणं-मिटणं, तळहात पालथा-उताणा, मनगट वर-खाली, अंगठा प्रत्येक बोटाला. मागचा हात जमेल तेवढा सोबत हलवायचा प्रयत्न करायचा. दर हालचाल 10 ते 15 वेळा, एकूण 30 मिनिटं, आठवड्यात 5 दिवस, निदान 4 आठवडे. थकवा आला तर 15-15 मिनिटांचे दोन भाग. नजर चांगल्या हाताकडे वळते ती हमखास चूक. त्या हातावर पुठ्ठ्याचा आडोसा धरा. गरगरलं, मळमळलं तर थांबा. आपली एक बाजूच लक्षात न येणाऱ्या पेशंटला थेरपिस्ट समोर असल्याशिवाय हे करू नका.

एका हाताचं स्वयंपाकघर

विळीला दोन हात लागतात, ती बाजूला ठेवा. 30 बाय 25 सेंमीच्या लाकडी पाटाला खालून स्टेनलेस स्टीलचे दोन खिळे 3 सेंमी अंतरावर ठोका, टोकं वर 4 सेंमी. बटाटा, कांदा त्यावर खुपसून चिरता येतो. एका कोपऱ्याला काटकोनात दोन पट्ट्या लावल्या की पोळी, ब्रेड तिथे अडतो. खाली ओलं फडकं अंथरा, पाट सरकत नाही. काम झालं की टोकांवर खोडरबर खुपसा. लोखंडी खिळे गंजतात.

पकड थोडी परतली असेल तर चमच्याचा दांडा जाड करा. एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा फोम सुट्या भागांच्या दुकानात मीटरनं मिळतो. 10 सेंमी तुकडा दांड्यावर चढवा. ताट उभ्या काठाचं हवं, भात बाहेर सांडत नाही. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत स्ट्रॉ, सिपर काहीही देऊ नका.

न्हाणीघर

टॉवेलचा दांडा आधारासाठी नसतो, आणि काचेला चिकटणारे हँडल भरवशाचे नाहीत. आधाराची नळी 32 ते 38 मिमी व्यासाची, भिंतीपासून 4 सेंमी पुढे, जमिनीपासून 84 ते 91 सेंमीवर. फास्टनर टाइल भेदून आत विटेत किंवा काँक्रीटमध्ये रुतायला हवा. पोकळ विटेची भिंत असेल तर मागून प्लेट लावा. पॅसेजमध्ये दोन्ही भिंतींना नळी लागते, कारण जाताना जी चांगली बाजू भिंतीकडे असते ती परतताना उलट्या बाजूला येते. देशी संडासावर भोकाची खुर्ची ठेवता येते. पाण्याची बादली स्टुलावर, चांगल्या बाजूला, आणि पाणी चांगल्या हातानंच तपासायचं, बधिर हाताला भाजलेलं कळत नाही.

चाकाची खुर्ची घ्यायची तर बसण्याची उंची बघा. नेहमीची जवळपास 50 सेंमी असते. एका पायानं ढकलत चालवायची तर 43 ते 45 सेंमीची हवी, नाहीतर चांगला पाय जमिनीला पुरत नाही.

विजेचं मशीन

दुखण्यासाठीचं टेन्स आणि स्नायू आकसवणारं स्टिम्युलेटर ही दोन वेगळी यंत्रं. पंजा उचलायला दुसरं लागतं, साधारण 30 ते 40 हर्ट्झ. एक पॅड गुडघ्याच्या बाहेरच्या गाठीखाली, दुसरं नडगीच्या बाहेरच्या मांसल भागावर. जागा दोन सेंमी चुकली तरी पंजा वर न जाता वेडावाकडा वळतो. पहिल्यांदा फिजिओनं लावू द्या, पेननं खूण करा, मोबाइलवर फोटो काढा. पेसमेकर असेल तर हात लावू नका. फिट येत असतील किंवा तिथे जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पैसे

40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र काढा. केंद्राच्या ॲडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत काठी, खुर्ची, पट्टा मिळतो, आणि त्यातली बरीच साधनं कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को बनवते. महाराष्ट्रात 65 वर्षांपुढच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 2 लाखांच्या आत असेल तर, 2024 पासूनच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये बँक खात्यात येतात. मापाचा पट्टा हवा असेल तर मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. जाताना पेशंट रोज घालतो तेच बूट न्या.