एक्सप्रेससाठी थांबायचं की समोरची साधी बस पकडायची? हिशोब असा करा

ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांचा रोजचा प्रश्न, साधी बस समोर उभी आहे, एक्सप्रेसचा पत्ता नाही, चढायचं की थांबायचं? बरेच जण थांबतात कारण एक्सप्रेस म्हणजे फास्ट हे डोक्यात पक्कं बसलंय, पण बसमध्ये किती वेळ गेला ते नंतर बघू, आधी स्टॉपवर उभं राहण्यात किती गेला ते मोजा.

समजा साधी दर 10 मिनिटांनी आहे आणि एक्सप्रेस दर 30 मिनिटांनी. टाइम न बघता असंच स्टॉपवर गेलात तर थांबायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो, म्हणजे साधीला 5 आणि एक्सप्रेसला 15. मग एक्सप्रेसने बसमध्ये 10 मिनिटांच्या वर वाचवले तरच काहीतरी हाती लागलं ना. ती 12 स्टॉप सोडत असेल, स्टॉपमागे अर्धा मिनिट धरा, वाचले 6, म्हणजे तोटाच.

हां, पण घोडबंदरला एक गोष्ट वेगळी आहे. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे फ्लायओव्हर आहेत, आणि खालचा स्टॉप घ्यायचा तर बसला पुलाखालूनच जावं लागतं, तिथे सिग्नल, वळणाऱ्या गाड्या, कडेला रिक्षा, सगळं आलं. एक्सप्रेस वरून गेली तर खरा वेळ इथे वाचतो, स्टॉप सोडून नाही! म्हणून चढताना कंडक्टरला सरळ विचारा, गाडी पुलावरून जाते का खालून. खालून जात असेल तर जास्तीचे पैसे देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कापूरबावडी-माजिवड्याला ट्रॅफिक तुंबला की दोन्ही बस एकाच रांगेत, तिथे एक्सप्रेसची पाटी काही कामाची नाही.

नवी मुंबईतून दक्षिण मुंबईला जाणाऱ्यांचं गणित उलटं आहे. अटल सेतू 21.8 किमीचा, त्यावर स्टॉपही नाही आणि सिग्नलही नाही, त्यामुळे सेतूवरून जाणाऱ्या बससाठी थोडं थांबलात तरी चालतं. ठाणे ते वाशी मात्र लोकल साधारण अर्ध्या तासात नेते, त्यामुळे घर आणि ऑफिस दोन्ही स्टेशनजवळ असेल तर बसच्या नादाला लागूच नका.

आता करायचं काय, तर पाच दिवस मोबाईलमध्ये तीन वेळा लिहा: स्टॉपवर पोचलो, बसमध्ये चढलो, ऑफिसच्या दारात पोचलो. शेवटची वेळ दाराचीच घ्या, कारण एक्सप्रेस तुमच्या स्टॉपला थांबत नसेल तर पुढे उतरून मागे चालत यायचं किंवा शेअर रिक्षा करायची, तो वेळ आणि ते पैसे कोणी धरतच नाही. पासवाल्यांनी आपला पास एक्सप्रेसला आणि एसीला चालतो का ते आधी काउंटरवर विचारून घ्या.

एक्सप्रेसची सुटायची वेळ पक्की माहीत असेल आणि ती वेळ पाळत असेल तर मात्र वरचं 15 मिनिटांचं थांबणं दोन-चार मिनिटांवर येतं, मग बिनधास्त तीच धरा. संध्याकाळी स्टेशनबाहेरून, जिथून बस सुटते तिथूनच चढा, बसायला मिळतं, मधल्या स्टॉपवर एक्सप्रेस भरूनच येते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला 10 मिनिटं वाचवण्यापेक्षा सीट जास्त महत्त्वाची.