तेच ते वाजतंय, तर ऐकायचं काय?

मी पेटी वाजवतो आणि माझं निम्मं आयुष्य लेहरा धरण्यात गेलंय. एकल तबल्याला गेला असाल तर दृश्य ओळखीचं असेल. तबलजी पेशकार, कायदे, रेले अशा तबल्याच्या रचना मांडतोय, लोक वाहवा करतायत, आणि बाजूला एक माणूस मान खाली घालून चंद्रकंस रागातली, सोळा मात्रांच्या तीनतालाची एकच ओळ, म्हणजे लेहरा, पुन्हा पुन्हा वाजवतोय. तो मी. तरीही भाचीने ‘अराउंड द वर्ल्ड’ हे इलेक्ट्रॉनिक नाचाचं गाणं लावलं तेव्हा दोन मिनिटांतच मी म्हणालो, "अगं, पुढे काही आहे की रेकॉर्ड अडकलीय?"

"मामा, तू तासभर दुसरं काय करतोस?"

हिशेब केला. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली तर तीनतालाचं आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरा, सोळा सेकंदांचं, म्हणजे तासाला सव्वादोनशे. पुढे लय चढते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. डाफ्ट पंक या पॅरिसच्या जोडगोळीच्या त्या १९९७ सालच्या गाण्यात, अल्बमवरच्या सात मिनिटांच्या आवृत्तीत, नावातले ते तीन शब्द येतात १४४ वेळा. म्हणजे तक्रार करायचा हक्क मला नव्हताच. तेव्हापासून असली गाणी नीट ऐकायला शिकलो. कसं, ते सांगतो.

आधी मोबाइलचा स्पीकर बंद करा. या संगीताचं अर्धं शरीर खर्जात असतं आणि तो खर्ज मोबाइलच्या स्पीकरमधून निघतच नाही. डग्गा काढून घेऊन नुसत्या चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, तबलजीची परीक्षा घेण्यासारखं होतं ते. बरे इअरफोन घ्या किंवा मोठा स्पीकर. आणि खुर्चीत रेलून ऐकू नका. चालत ऐका, भांडी घासत ऐका, निदान पाय तरी हलू द्या.

मग मोजायला लागा. हे टाळू नका, बाकी सगळं यावरच उभं आहे. खालून एकसारखा धप्-धप्-धप्-धप् येतो, ती किक. चार ठोक्यांचा एक बार. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर बहुधा टाळी पडते. आपल्याला समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी द्यायची सवय, म्हणून सुरुवातीला हात चुकतो. चुकू द्या. बोटांच्या पेरांवर आठ बार मोजा, बत्तीस ठोके झाले. या गाण्याची लय मिनिटाला १२१ ठोक्यांची आहे, म्हणजे आठ बार सुमारे सोळा सेकंदांत संपतात. माझ्या लेहऱ्याचं एक आवर्तन! हे जुळलं त्या रात्री मी पेटी काढून त्यावर लेहरा धरून पाहिला. दोन मात्रांनंतर पुढचं सांगण्यासारखं नाही, पण आवर्तनाचं माप बरोबर बसलं.

आवर्तन सापडलं की नवं काय येतं आणि कुठे येतं ते बघा. कच्च्या गाण्यात सगळे बदल आठव्या बाराच्या वेशीवरच होतात, आणि प्रत्येक वेळी आधी ड्रमचा खडखडाट वाजवून तुम्हाला वर्दी दिली जाते. जाणकार माणूस वर्दी देत नाही. एखादा सूर आधीच डोकावतो, एखादी गोष्ट गुपचूप गळते आणि ती गेल्याचं दोन आवर्तनांनी लक्षात येतं.

आता एक वाद्य धरा आणि गाणं संपेपर्यंत त्याला सोडू नका. हे कान तयार नसताना फार कठीण जातं, म्हणून मी सगळ्यांना याच गाण्याचा व्हिडिओ बघायला सांगतो. मिशेल गोंद्री या दिग्दर्शकाने नर्तकांचे पाच गट केलेत आणि प्रत्येक गट गाण्यातला एकेक आवाज नाचतो. यंत्रमानव म्हणजे तो यांत्रिक गळा, खेळाडू म्हणजे बेस, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, डिस्कोच्या पोशाखातल्या मुली म्हणजे कीबोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार आणि ममी म्हणजे ड्रम मशीन. खेळाडू पायऱ्या चढतात-उतरतात ते बघा. बेसचे सूर वर गेले की तेही वर, उतरले की खाली. पहिल्या वेळी नुसते खेळाडू बघा. दुसऱ्या वेळी सांगाडे. पाच वेळा पाहिलंत की डोळे मिटून गाणं लावा. जे एकच वाटत होतं ते पाच पदरांनी विणलेलं आहे हे कानालाच कळेल, मला समजावून सांगावं लागणार नाही.

बेसवर थोडं जास्त थांबतो, कारण माझ्या मते निकाल तिथेच लागतो. गाणं बंद करून बेस गुणगुणता येतो का? येत असेल तर त्यात चाल आहे. मग त्यातल्या मोकळ्या जागा ऐका, म्हणजे कुठे वाजत नाही ते. मला हा धडा चांगलीच लाज निघून मिळालाय. पंचविशीत असताना एका बुजुर्ग तबलजींच्या साथीला बसलो होतो. लेहरा कंटाळवाणा होऊ नये म्हणून मी मधल्या जागांत मुरक्या भरायला लागलो. दोन आवर्तनं त्यांनी ऐकून घेतलं, मग हात न थांबवता माझ्याकडे वळून म्हणाले, "पेटीवाले, गाणं नको, लेहरा द्या." समोर दीडशे माणसं. लेहऱ्याची ओळ अशी असावी लागते की ती शंभरदा ऐकून टोचणार नाही आणि तरी सम कुठे आहे ते आंधळ्यालाही कळेल. अशी ओळ बांधणं सोपं नाही. चांगला बेसही नेमका हेच काम करतो. दर बाराला कारागिरी दाखवणारा बेस मला पंचविशीतल्या माझ्यासारखा वाटतो.

यानंतर वजन बघा. यंत्र वाजवतंय म्हणून सगळे ठोके सारखेच, हा गैरसमज. दोन किकच्या मधोमध ‘त्स’ असा जो आवाज येतो, ती उघडी हाय-हॅट, ड्रममधली झांजांची जोडी. ती किती लांबते, कुठे दाबली जाते, छोटे ठोके किंचित मागे रेलतात की नाही, यावर पाय हलणार की नाही हे ठरतं. एकदा आवाज अगदी बारीक करून ऐका. खर्ज गेला, धडधड गेली. आता उरलेल्या टिकटिकीला डोल आहे का? नसेल तर गाणं नुसतं आवाजाच्या जोरावर उभं होतं.

आणि मग रंग. इथे मला पेटीवाला म्हणून जरा हेवा वाटतो. माझ्या वाद्यात सूर दाबला की तो जसा असतो तसाच असतो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, आवाजाचा पोत बदलत नाही. यांच्याकडे फिल्टर नावाची चीज आहे. ‘अराउंड द वर्ल्ड’ सुरू होतं तेव्हा शेजारच्या बंद खोलीत वाजल्यासारखं घुसमटलेलं येतं, मग कुणीतरी दार हळूहळू उघडावं तसं स्वच्छ होतं. सूर तेच, ठोके तेच, बदलला तो उजेड. याचं टोक ऐकायचं तर शिकागोच्या फ्यूचर या त्रयीचं १९८७ सालचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ लावा. अकरा मिनिटांच्या वर, आणि चाल म्हणाल तर बोटभर. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे छोटं यंत्र खरं तर गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. त्या कामात ते फसलं आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. या पोरांनी त्याची बटणं वाजता वाजता पिरगाळली, तर ते केकाटायला, गुरगुरायला, पाण्यात बुडल्यासारखं बोलायला लागलं. तिथे चालीची वाढ शोधाल तर हाती काही लागणार नाही. डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा कसा वाकवतात ते ज्या कानाने ऐकता, तो कान लावा.

भलत्या मापाने मोजायची चूक मीही केलीय. चरणजीत सिंग हे मुंबईतले, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक. त्यांनी १९८२ साली हेच टीबी-३०३, सोबत टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. शिकागोच्या पाच वर्षं आधी! तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे डीजे चकित झाले. मी पहिल्यांदा ऐकली ती शास्त्रीय बैठकीचा माणूस म्हणून. ललत ऐकताना दोन मध्यमांचं काय केलंय, एवढंच शोधत बसलो आणि नाक मुरडलं. पुन्हा ऐकली ती खालून वर. आधी ठेका, मग बेसची ती चिवट साखळी, आणि सगळ्यात शेवटी वर फिरणारा राग. तेव्हा कळलं की बेसची साखळी तिथे लेहऱ्यासारखी ठाण मांडून बसलीय आणि एकल वादन वर चाललंय. ठेका मात्र मला आजही फार सरळसोट वाटतो. तो थोडा तरी हलायला हवा होता.

काढून घेणं हेही तपासा. मध्येच किक गायब होते. गाणं पक्कं असेल तर ती नसतानाही तुमची मान तिचे ठोके मोजत राहते, आणि परत येते तेव्हा घरचं माणूस आल्यासारखं वाटतं. हल्लीच्या बऱ्याच गाण्यांत इथे सुसाट वर चढणारा सूऽऽ असा आवाज, दुप्पट-चौपट होत जाणारे ड्रम आणि मग धडाम. तिहाईसारखंच, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्यासारखंच आहे हे, वाईट काही नाही. पण कायद्यात दम नसताना तिहाईवर टाळ्या घेणारे तबलजी मी भरपूर पाहिलेत. म्हणून त्या धडामनंतरची सोळा सेकंदं ऐका. आधी जे होतं तेच फक्त मोठ्याने वाजतंय, की मधल्या शांततेमुळे ते वेगळं ऐकू येतंय?

रेडिओसाठी कापलेल्या तीन-चार मिनिटांच्या तुकड्यावरून मत बनवू नका. ‘अराउंड द वर्ल्ड’च्या कापलेल्या आवृत्तीत ते शब्द ८० वेळाच येतात, आणि गंमत म्हणजे तीच मला जास्त एकसुरी वाटते. पुनरावृत्ती अंगात भिनायला वेळ लागतो. पहिल्या दोन मिनिटांत कंटाळा येतो, तो येऊ द्या, त्याच्या पलीकडे जाऊन बघा. चौथ्या-पाचव्या मिनिटालाही कंटाळाच असेल तर दोष तुमचा नाही.

माझी वही आहे. डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला काय आलं, काय गेलं. तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकतो आणि तिसऱ्या दिवशीही नवी नोंद झाली तर गाणं ठेवतो. गेल्या महिन्यात भाचीने पाठवलेल्या सहांपैकी दोन राहिली. एकासमोर लिहिलंय, "४:१०, टाळी गेली, पाय थांबला नाही." गाळलेल्यांपैकी एकासमोर नुसतं, "मुरक्या फार."