‘राँग’ कुठे, ‘राँगली’ कुठे?

‘राँग’च्या स्पेलिंगमधला पहिला डब्ल्यू उच्चारायचा नाही. अनेकांतून नको तेच निवडलं गेलं, तर आधी बहुधा ‘द’ लागतो: ‘आय टुक द राँग बस’. मराठीत ‘द’सारखं काही नसल्याने आपल्याकडून तो हमखास गळतो. क्रियापदानंतर ‘राँग’ चालतं: ‘यू स्पेल्ट माय नेम राँग’. पण ‘अक्यूज्ड’सारख्या रूपाआधी ‘राँगली’च, ‘राँगली अक्यूज्ड’ म्हणजे नाहक आरोप झालेला. बेत फसला की ‘वेंट राँग’.

खरी गोची ‘विथ यू’ने होते. उदास मित्राला नुसतं ‘व्हॉट्स राँग?’ विचारा. ‘व्हॉट्स राँग विथ यू?’ हे बऱ्याचदा ‘डोकं फिरलंय का तुझं?’ असं ऐकू जातं. ‘डोन्ट गेट मी राँग’ म्हणजे गैरसमज नको. टीका करताना ते अनेकदा येतं.